उपदेश आणि उत्तर : स्तनपानविषयक शासकीय मार्गदर्शन व पालकांची प्रतिक्रिया

१

शासनसंस्थांनी जनतेला उद्देशून काढलेली पत्रके, भित्तिपत्रके व सूचनापुस्तिका यांना वाङ्मयविचारात सहसा स्थान मिळत नाही. त्या गद्याला शैली नसते, कर्त्याचे नाव नसते, आणि त्याचे प्रयोजन सरळ व्यवहाराचे असते. यास्तव समीक्षकाने त्याकडे वळण्याचे कारण नाही, असा समज रूढ आहे. परंतु जे गद्य अंगणवाडीच्या भिंतीपासून प्रसूतिगृहाच्या ओसरीपर्यंत सर्वत्र दृष्टीस पडते, आणि ज्याच्या विध्यर्थी क्रियापदांवर अर्भकाचे जीवित काही अंशी अवलंबून असते, त्याची भाषा, त्याने गृहीत धरलेला श्रोता आणि त्या श्रोत्याने दिलेले उत्तर हा अभ्यासाचा विषय नव्हे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. स्तनपानविषयक वैद्यकीय मार्गदर्शन हे अशा गद्याचे ठळक उदाहरण होय.

या मार्गदर्शनास पालकांकडून मिळणाऱ्या प्रतिसादाची चर्चा बहुधा एकाच चौकटीत होते. उपदेश शास्त्रशुद्ध आहे. तो पाळला जात नसेल तर ते अज्ञान, अंधश्रद्धा किंवा हयगय समजावी. आणि त्यावर उपाय म्हणजे अधिक उपदेश. या चौकटीचा पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा व तिसरा मात्र तपासून पाहिल्यावाचून स्वीकारता येण्याजोगा नाही. पालक उत्तर देतात तेव्हा ते एकच एक गोष्ट बोलत नसतात. त्यांच्या उत्तरांत निदान तीन निरनिराळे प्रकार मिसळलेले असतात, आणि त्यांचे पृथक्करण न केल्यामुळेच उपदेश करणारा व उपदेश घेणारा या दोघांची चुकामूक होते. हे पृथक्करण करण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसर विशेष उपयुक्त आहे. कारण उपदेश आणि परिस्थिती यांतील अंतर तेथे उघड्या डोळ्यांना दिसते.

२

प्रथम मार्गदर्शनाचा आशय पाहू गेल्यास तो मोजक्या वाक्यांत सांगता येतो. जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे. पहिले चिकाचे दूध टाकून देऊ नये. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये. सहा महिने पुरे झाल्यावर घरचे मऊ अन्न सुरू करावे. आणि दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे. या आशयामागे दीर्घ इतिहास आहे. बाटलीच्या व डब्याच्या दुधाच्या विक्रीस आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ साली संमत झाली. स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी ‘बीपीएनआय’ ही अखिल भारतीय संस्था १९९१ साली वर्ध्यास स्थापन झाली. भारत सरकारने १९९२ साली बालदुग्धपर्याय, दूधबाटल्या व बालअन्न यांच्या नियमनाचा कायदा केला व २००३ साली तो अधिक कडक केला. २०१६ साली ‘मा’ या नावाने स्तनपानप्रसाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

आशयाची सत्यता वादातीत आहे. चिकाच्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. आईच्या दुधाचा सुमारे ८७ टक्के भाग पाणीच असल्याने कडक उन्हाळ्यातही बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते. आणि वरून दिलेल्या प्रत्येक थेंबाबरोबर जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते. घाना देशात झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्व बाळांना पहिल्या तासात दूध मिळाले तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के टळू शकतील असा अंदाज निघाला. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या लेखमालेनुसार, जगभर स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक झाल्यास दरवर्षी आठ लाखांहून अधिक बालमृत्यू टळतील. तेव्हा पालकांचे उत्तर समजून घेणे म्हणजे उपदेश खोटा ठरवणे नव्हे, ही मर्यादा आरंभीच आखून घेतली पाहिजे.

तथापि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सहा महिन्यांची सीमा जागतिक आरोग्य सभेने २००१ सालच्या ठरावात निश्चित केली. तत्पूर्वी चार ते सहा महिने अशी सैल मर्यादा सांगितली जात असे. ज्या स्त्रीने १९९० च्या सुमारास मूल वाढवले तिने दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून वरचे अन्न देण्याचा सल्ला ऐकला असणे सर्वस्वी शक्य आहे. आज तीच स्त्री सासू किंवा आजी म्हणून सुनेला तसे सांगते, आणि तिचे बोलणे ‘जुनी रूढी’ म्हणून बाजूला सारले जाते. वस्तुतः अशा प्रसंगी सासू व सून यांच्यात दिसणारा विरोध परंपरा आणि विज्ञान यांच्यातील नसून विज्ञानाच्याच दोन टप्प्यांमधील असतो. मार्गदर्शनपर गद्य मात्र आपला इतिहास सांगत नाही. ते जणू नेहमी असेच होते अशा निश्चयाने बोलते. आणि ज्याला जुना सल्ला आठवतो त्या श्रोत्याला ‘डॉक्टर दर वेळी वेगळेच सांगतात’ असे वाटल्यास त्याचा दोष त्या श्रोत्याकडे जात नाही.

३

आता भाषेकडे वळावे. मराठी पत्रकांत रूढ झालेला मध्यवर्ती शब्दप्रयोग ‘निव्वळ स्तनपान’ हा होय. कोठे ‘केवळ स्तनपान’ असेही आढळते. पारिभाषिक दृष्ट्या दोन्ही अचूक आहेत. परंतु मराठी कानाला ‘निव्वळ’ हा शब्द काय सुचवतो? निव्वळ नफा म्हणजे वजावटीनंतर उरलेला नफा. निव्वळ थापा म्हणजे थापांपलीकडे काही नाही. ‘केवळ’ या शब्दालाही ‘एवढेच, यापेक्षा अधिक नाही’ अशी उणेपणाची छटा आहे. जे पूर्ण आहे असे सांगावयाचे, त्याच्याच नावात अपुरेपणाचा ध्वनी उमटतो. उलट घरातली भाषा पाहावी. ‘अंगावर पाजणे’, ‘पान्हा फुटणे’, ‘दूध उतरणे’, ‘अंगावरचे मूल’, ‘तान्हे’ या शब्दांत उणेपणाचा लवलेशही नाही. घरच्या भाषेत उणेपणा आहे तो ‘वरचे दूध’ या शब्दात. ते ‘वरचे’ आहे, मूळचे नव्हे. मार्गदर्शनाने आपला सर्वांत बळकट मित्र असलेली ही शब्दसंपत्ती सोडून भाषांतरित परिभाषा जवळ केली, हे त्याच्या अपयशाचे एक छोटे परंतु खरे कारण आहे.

‘चीक’ या शब्दाची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. मराठीत चीक म्हणजे रुईचा, वडाचा किंवा पपईचा पाझरही. त्यामुळे शब्दाला चिकटपणाची व काहीशी अशुद्धतेची छाया आहे. आईच्या पहिल्या दुधाविषयीची शंका या छायेतूनही पोसली जाते. पण त्याच मराठी घरात गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आवडीने केला जातो, तो शेजारी वाटला जातो, आणि वासराला चीक पाजल्यावाचून ते धरत नाही हे गोठा सांभाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. म्हणजे पहिल्या दुधाचे सामर्थ्य या समाजाला अज्ञात नव्हते; ते ज्ञान गोठ्यात होते आणि बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचले नव्हते. अशा वेळी ‘अज्ञान दूर करणे’ हे काम नसून एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी नेणे हे काम असते, आणि त्याला लागणारी भाषा निराळी असते.

४

पालकांच्या उत्तरांचा पहिला प्रकार वर्गीकरणाचा आहे. ‘बाळाला काही देता का?’ या प्रश्नाला ‘काही नाही, अंगावरच आहे’ असे उत्तर येते. आणि थोड्या वेळाने घुटीची सहाण दिसते. येथे खोटे बोलणे झाले असे मानण्याची घाई होते. परंतु घरच्या वर्गीकरणात घुटी हे औषध आहे, मधाचे बोट हा संस्कार आहे, पाणी हे पाणी आहे. अन्न म्हणून मोजावयाचे ते उष्टावणानंतरचे. वेखंड, सुंठ, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा यांचा एकेक वळसा सहाणेवर उगाळणाऱ्या आजीच्या मते ती बाळाला ‘खाऊ’ घालत नसून त्याची प्रकृती राखत असते. अकोल्याच्या डोंगराळ भागात हिरडा गोळा करून विकणे हा आदिवासी कुटुंबांच्या मिळकतीचाही एक मार्ग आहे. ज्या वस्तूला बाजारात औषध म्हणून किंमत येते ती बाळाला अपायकारक कशी, हा प्रश्न त्यांना पडल्यास तो तर्कदुष्ट नाही. उपदेशातील ‘काहीही’ आणि घरातील ‘काही’ हे दोन शब्द सारखे दिसतात, पण त्यांच्या कक्षा भिन्न आहेत.

या वर्गीकरणास ग्रंथाधारही आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, स्त्रीला दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर येते असे सांगून तोवर बाळाला मध व तूप चाटवण्याचा विधी दिला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मात्र, आठव्या अध्यायात, मधतूप चाटवल्यानंतर लगेच उजवा स्तन देण्यास सांगितले आहे. म्हणजे प्राचीन वैद्यकातही या बाबतीत एकवाक्यता नव्हती. सुश्रुताचे निरीक्षण चुकीचे नव्हते. दूध भरून येण्यास दोन ते चार दिवस लागतात हे आधुनिक शरीरशास्त्रही मान्य करते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा अपुरा होता. त्या पहिल्या दिवसांत बाळाचे पोट एका वेळी चहाचा चमचाभर दूध घेण्याइतकेच असते, आणि तेवढा चीक आईच्या अंगात असतो. शिवाय बाळाने ओढल्यानेच पुढचे दूध लवकर उतरते. हे अशा रीतीने सांगितले गेले तर ऐकणाऱ्या आजीचे निरीक्षण खरे ठरते आणि निष्कर्ष तेवढा बदलतो. ‘मध देऊ नये’ एवढीच आज्ञा दिली की तिचे निरीक्षणही खोटे ठरवल्यासारखे होते. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे मानण्यास कोणीही सहजासहजी तयार होत नाही.

घरच्या वर्गीकरणाचा लाभ घेता येण्याजोगी एक जागाही येथे नोंदवण्यासारखी आहे. मराठी कुटुंबांत उष्टावण बहुधा मुलाचे सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात केले जाते. म्हणजे ‘सहा महिन्यांपर्यंत अन्न नाही’ ही मर्यादा परकी नाही. संस्काराच्या रूपाने ती जवळजवळ तेथेच उभी होती. तसेच बाळंतिणीचा सव्वा महिना आणि आशा कार्यकर्तीने प्रसूतीनंतर घरी द्यावयाच्या भेटींचा ४२ दिवसांचा काल हे दोन्ही जवळपास एकच आहेत. मार्गदर्शन या मुक्कामांवर उभे राहिले असते तर त्याला परकेपणा आला नसता.

५

दुसरा प्रकार पुराव्याचा. ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य शेंडीच्या पाड्यावर आणि पुण्याच्या सदनिकेत सारख्याच शब्दांत उच्चारले जाते. यामागे पुरावा असतो: बाळ रडते, रात्री उठते, स्तन मऊ लागतात, पिळून पाहिले तर थेंबभर येते. उपदेश यावर ‘प्रत्येक आईला पुरेसे दूध येते’ असे सर्वसाधारण विधान करतो. ते बहुतांशी खरे आहे; पण विशिष्ट पुराव्याला सर्वसाधारण विधान हे उत्तर नव्हे. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करते का, त्याचे वजन वाढते का, त्याने स्तन नीट तोंडात धरला आहे का, हे प्रतिपुरावे होत. आणि ते दाखवावे लागतात, छापता येत नाहीत. जेथे ते दाखवले गेले तेथे पालकांनी उपदेश नाकारला नाही. ढाक्यात शेजारच्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी भेटी दिल्यावर पाचव्या महिन्यात निव्वळ स्तनपानाचे प्रमाण ७० टक्के आढळले, तर भेटी न मिळालेल्यांत ते ६ टक्के होते. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हरियाणातील खेड्यांत झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिसऱ्या महिन्यातील हेच प्रमाण ७९ विरुद्ध ४८ टक्के असे दिसले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याची जी पद्धत रूढ केली व १९९९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तिच्यातूनच पुढे आशांच्या गृहभेटींची राष्ट्रीय योजना निघाली. तीच माता, तीच सासू. बदलला तो केवळ उपदेशाचा मार्ग.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे महाराष्ट्राविषयीचे आकडेही विचारात घेण्यासारखे आहेत. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात सहा महिन्यांखालील बालकांच्या निव्वळ स्तनपानाचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेले. याच काळात रुग्णालयातील व आरोग्यसंस्थांतील प्रसूती सुमारे ९० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेल्या. पण पहिल्या तासात दूध मिळालेल्या मुलांचे प्रमाण वाढण्याऐवजी सुमारे ५७ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर उतरले. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर चढले होते. या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही, आणि राज्याची सरासरी आदिवासी पाड्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. परंतु एवढे निश्चित की, जो निर्णय घरात घेतला जातो तेथे पालक उपदेशाच्या दिशेने पुढे गेले, आणि जो पहिला तास आता बहुतांशी संस्थेच्या हाती आहे तेथे पीछेहाट झाली. अशा स्थितीत ‘पालक ऐकत नाहीत’ हे विधान पुन्हा पुन्हा करणे पुराव्याशी विसंगत आहे.

६

तिसरा प्रकार साधनांचा आहे, आणि भंडारदरा परिसराचे महत्त्व येथे येते. प्रवरेवरील विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी खालच्या खोऱ्यातील कालव्यांतून उसाच्या मळ्यांकडे वाहते. धरणाच्या माथ्यावरील घाटघर, रतनवाडी, साम्रद या गावांची शेती मात्र पावसावरची राहिली. महादेव कोळी व ठाकर ही येथील प्रमुख जमातींची वस्ती भात, नागली, वरई यांवर जगते, आणि पावसाळा सरला की पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरकडील बागायती पट्ट्यात उतरतात.

जागतिक स्तनपान सप्ताह १९९२ पासून दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या दिवसांत पाळला जातो. भंडारदऱ्याच्या बाजूस हे दिवस भाताच्या आवणीचे किंवा तिच्या शेवटाचे. जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घाटघरच्या पावसात, गुडघाभर चिखलात, सकाळपासून वाकून रोपे लावणाऱ्या बाईचे तान्हे बांधावर इरल्याखाली किंवा घरी आजीपाशी असते. दर दोन-तीन तासांनी पाजावे हे वाक्य तिला अंगणवाडीत समजावून सांगितले तर ती मान डोलावते. ते तिला समजलेले असते आणि पटलेलेही असते. त्यानंतर ती आवणीला जाते. हे वर्तन अज्ञानाचे उदाहरण म्हणून नोंदले गेले तर नोंद करणाऱ्याचे आकलन चुकले, असे म्हणावे लागते. लावणी चार दिवस लांबली तर वर्षाचे भात जाते. आणि भात गेले तर बाळंतिणीच्या ताटात काय पडावयाचे हा प्रश्न उभा राहतो.

येथे ‘आईचे दूध फुकट असते’ या लोकप्रिय वाक्याची चिकित्सा आवश्यक ठरते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक मिळावेत अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस आहे. अन्न कमी पडले तरी दूध सहसा आटत नाही; ते आईच्या शरीरातून काढले जाते. म्हणजे दूध फुकट नाही. त्याची किंमत कोण देते एवढाच प्रश्न आहे. घरच्या परंपरेने हा प्रश्न नेमका ओळखला होता. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, बाजरी, खसखस या बाळंतिणीच्या आहारातील प्रत्येक पदार्थाचे औषधी गुण प्रयोगशाळेत सिद्ध होतीलच असे नाही. पण दूध हवे असेल तर आधी आईला खाऊ घातले पाहिजे हे त्यामागील तत्त्व भक्कम आहे. पत्रकांत आईचा आहार बहुधा शेवटच्या कलमात येतो. घरात तो पहिला असतो. राज्य शासनाने २०१५ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना काढून आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देण्याचे ठरवले, तेव्हा शासनानेही हेच तत्त्व मान्य केले. फक्त उपदेशाची भाषा त्याप्रमाणे बदलली नाही.

वेळेच्या बाबतीत विसंगती याहून ठळक आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन भरपगारी रजा २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवसांची झाली. ही मुदत सहा महिन्यांच्या स्तनपानाशी तंतोतंत जुळते. याचा अर्थ असा की, सहा महिने अंगावर पाजण्यासाठी स्त्रीला मोकळा व भरपाई असलेला वेळ लागतो हे शासनाने कायद्यानेच कबूल केले आहे. पण तो वेळ मिळतो नियुक्तिपत्र असलेल्या स्त्रीला. रोजंदारीवरील शेतमजूर स्त्रीसाठी २०१७ पासूनची मातृवंदना योजना आहे. तीत पहिल्या अपत्याच्या वेळी मजुरीची अंशतः भरपाई म्हणून ५,००० रुपये मिळतात. १८२ दिवसांवर ते वाटले तर दिवसाला सुमारे २७ रुपये पडतात. उपदेश दोघींना एकच आहे. साधने एकच नाहीत. मग प्रतिक्रिया एकच कशी असावी?

७

या संदर्भात शासनाने निवडलेल्या एका प्रतीकाचा विचार करणे उचित ठरेल. बसस्थानके, कचेऱ्या इत्यादी ठिकाणी स्तनपानासाठी राखलेल्या खोलीस महाराष्ट्रात ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. रायगडावर दूध विकावयास गेलेली गवळण, दरवाजे बंद झाल्यावर, घरी भुकेल्या तान्ह्यासाठी कडा उतरून जाते ही आख्यायिका सर्वांना परिचित आहे. तिचा सामान्य अर्थ मातेच्या धाडसाचा गौरव असा घेतला जातो, आणि स्तनपानाच्या प्रचाराने तोच उचलला. परंतु कथेची रचना लक्षपूर्वक पाहिली तर तीत दोन बाजू आहेत. एका बाजूस नियम आहे, तो मोडता येत नाही. दुसऱ्या बाजूस मूल आहे, ते थांबू शकत नाही. कडा उतरणे हा त्या दोहोंमधील एकमेव मार्ग उरला, म्हणून हिरकणी कडा उतरली. आख्यायिकेतील राजा तिला वेळेवर घरी जाण्याचा उपदेश करीत नाही. तो तिचा सन्मान करतो आणि त्या जागी बुरूज बांधतो. कथेचा हा उत्तरार्ध प्रचारात येत नाही. प्रत्येक आईने हिरकणी व्हावे असे सांगणे म्हणजे दरवाजा बंदच राहील असे गृहीत धरणे होय.

डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या तान्ह्या बाळासह नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनास उपस्थित राहिल्या, आणि पुढील अधिवेशनात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, मुंबईच्या विधानभवनातील हिरकणी कक्षात योग्य सोय नसल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ही देखील पालकाची प्रतिक्रियाच होती. आणि तिला कोणी अज्ञान म्हटले नाही. बोलणारी व्यक्ती सभागृहाची सदस्य होती, म्हणून तिचे उत्तर साधनांविषयीचे आहे हे तत्काळ ओळखले गेले. आवणीतल्या बाईचे उत्तर त्याच जातीचे असूनही तिला समजावून सांगण्याची गरज आहे असे ठरते. एकाच प्रतिक्रियेचे मोल बोलणाऱ्याच्या स्थानावरून बदलते, हा मार्गदर्शनाच्या व्यवहारातील सर्वांत गंभीर दोष होय.

याच अकोले तालुक्यात याच्या उलट उदाहरणही आहे. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. औपचारिक शिक्षण नसलेल्या आदिवासी स्त्रीचे बियाण्यांविषयीचे ज्ञान हे ज्ञान आहे, हे शासनाने मान्य केले. दुधाविषयी तशी मान्यता देण्यास अजून संकोच दिसतो.

८

या विवेचनाचा विपर्यास होण्याचा एक मार्ग आहे, तो बंद करणे आवश्यक आहे. पालकांच्या उत्तरांत अर्थ असतो, म्हणून ती सर्व योग्य असतात असे नव्हे. मधामुळे वर्षाखालील बाळाला होऊ शकणारी विषबाधा खरी आहे. न धुतलेल्या सहाणेवरून पोटात जाणारे जंतू खरे आहेत. पहिले तीन दिवस उपाशी राहिलेले बाळ दगावू शकते हेही खरे आहे. परंपरेचे कौतुक करून या गोष्टी झाकणे म्हणजे दुसऱ्या टोकाची हयगय होय, आणि तिची किंमत बाळच देते. समंजस समीक्षेने उपदेशाला त्याचे सत्य आणि उत्तराला त्याचे कारण, दोन्ही दिली पाहिजेत.

तेव्हा तिन्ही प्रकारांचा निवाडा निरनिराळा होतो. वर्गीकरणाच्या भेदाला योग्य शब्द हे उत्तर आहे: ‘काहीही’ न म्हणता घुटी, मध, पाणी यांची नावे घेऊन, कारणासह, घरच्या भाषेत बोलणे. पुराव्याच्या भेदाला प्रत्यक्ष दाखवणे हे उत्तर आहे, आणि ते देणारी व्यक्ती पत्रकापेक्षा मोठी असते. साधनांच्या भेदाला मात्र शब्दांत उत्तरच नाही. तेथे अन्न, मजुरीची भरपाई, आवणीच्या दिवसांत बांधाजवळ बाळ सांभाळण्याची सोय आणि राजूरच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत पावसात पोहोचण्याचे साधन हेच उत्तर. आजच्या मार्गदर्शनाचा मुख्य दोष हा की, तिन्ही उत्तरांना ते एकाच उपदेशाने, आणि एकट्या आईला उद्देशून, प्रत्युत्तर देते. बाप त्यात ‘पाठिंबा देणारा’ म्हणून एखाद्या ओळीत येतो. वाहन ठरवणारा, डबा विकत आणणारा, आवणीला कोण जाणार हे ठरवणारा म्हणून तो त्यात आढळत नाही. ‘पालक’ हा शब्द अनेकवचनी असतो, याचा विसर या गद्याला पडला आहे.

मार्गदर्शनपर गद्याची कसोटी ते किती शास्त्रशुद्ध आहे एवढ्यावर संपत नाही. ज्याला ते उद्देशून आहे त्याला ते पाळणे शक्य आहे काय, आणि शक्य नसेल तर तसे म्हणण्याची जागा त्यात आहे काय, येथपर्यंत ती गेली पाहिजे. स्तनपानविषयक मराठी पत्रके पहिल्या कसोटीस पूर्ण उतरतात. दुसऱ्या कसोटीस ती अद्याप लावलेलीच नाहीत. आणि तोवर पालकांच्या उत्तराला नकार म्हणणे हा निष्कर्ष नसून केवळ गृहीतक आहे.